ब्रेक पॅडला शेंदूर

आधी एक गोष्ट सांगून टाकते: गाडी मी चालवते. आमच्या ह्यांना, म्हणजे चिंतामणरावांना, गाडीतलं सगळं कळतं, फक्त ती चालवता येत नाही. धारमध्ये लोकांना अजून हे पचत नाही. पंपावरचा माणूस किल्ली माझ्या हातून घेतो आणि ‘कितने का डालूँ’ हे ह्यांना विचारतो, आणि हेसुद्धा खुशाल उत्तर देतात.

गाडी म्हणजे झेन. मी शाळेत गणित शिकवत होते तेव्हा घेतलेली, त्याला वीस वर्षं उलटून गेली. रंग तेव्हा चंदेरी होता. आता कुठला आहे ते विचारू नका. काच वर करायची तर एका हाताने काच ओढायची आणि दुसऱ्याने हँडल फिरवायचं. पण पहिल्या सेल्फला सुरू होते, आणि महिन्यातून दोनदा मला धरमपुरीला नेते. मला तिच्याकडून एवढंच हवं आहे.

धरमपुरीला माझी थोरली बहीण राहते, मालनअक्का. एकटी आहे. मेव्हणे गेले, मूलबाळ नाही, आणि नर्मदाकाठचं घर सोडून ती कुठे यायला तयार नाही. कान गेलेत तिचे. फोनवर मी काहीही म्हटलं तरी ती “हो हो, बरी आहे” म्हणते आणि ठेवून देते. समोर बसून, तोंडाकडे बघत बोललं की मात्र तिला सगळं समजतं, आणि मग ती चार गोष्टी ऐकवतेही. तेव्हा तिच्याशी बोलायचं म्हणजे तिच्याकडे जायचं, दुसरा उपाय नाही. बसने एकदा गेले होते. धामनोदला बस बदलायची, तिथे ताटकळायचं, आणि पोचेपर्यंत परतीची वेळ झालेली. गाडी आहे म्हणून मला बहीण आहे, हे असं आहे बघा.

आणि वाटेत घाट आहे. माळवा संपतो, रस्ता वळणं घेत निमाडात उतरतो, आणि त्या उतारावर तुमच्या हातात असतो तो एक गिअर आणि पायात असतो तो ब्रेक.

गणपतीत आमचा अजेय देवासहून आला. तिथल्या एका कारखान्यात तो मशिनींची देखभाल बघतो, त्यामुळे कुठे काही करकरलं की त्याचे कान टवकारतात. मोदकांना नारळ आणायला म्हणून मी त्याला गाडीतून बाजारात नेलं. चौकात ब्रेक मारला आणि पुढच्या चाकातून किर्र आवाज आला.

“आई, हे कधीपासून?”

“कधीपासून म्हणजे? करते ती कधीकधी किरकिर. मीही करते.”

“पॅड संपलेत हे. लोखंडावर लोखंड घासतंय. आणि ह्या ब्रेकवर तू घाट उतरतेस?”

मला राग आला होता. त्याचा नाही, तो बरोबर बोलत होता ह्याचा.

घरी आल्यावर त्याने निकालच दिला. “नवरात्रात कुळधर्माला देवासला याल तेव्हा ब्रेक मी स्वतः बघणार. माझं समाधान झालं तर ठीक. नाही तर गाडी भंगारात. मी एकाशी बोलून ठेवलंय.”

“आणि मालनअक्काकडे मी कशी जाऊ?”

“टॅक्सी कर ना.”

टॅक्सी. एकदा केली होती. अक्काने कुकर लावला तोवर बाहेर त्या माणसाने हॉर्न सुरू केला. अक्काला ऐकू येत नव्हतं म्हणून तिचं बरं चाललं होतं, पण माझा प्रत्येक घास त्या हॉर्नबरोबर घशात अडकत होता. अजेयला हे सांगून उपयोग नव्हता. मी ह्यांना म्हटलं, उद्याच्या उद्या नवीन पॅड घेऊन या.

तर हे काम ह्यांनी अंगावर घेतलं, आणि तिथेच माझी चूक झाली. आमचे हे कोर्टात नाझर होते. जप्तीच्या मालाची तपासणी करण्यात जन्म गेला. अजेयचं लग्न आम्ही दोन बैठकांत ठरवलं होतं, पण ब्रेक पॅडला ह्यांना अख्खा पितृपंधरवडा पुरला नाही. त्यातून पितृपक्षात नवीन वस्तू विकत घ्यायची नाही, हा आमच्या घरचा नियम. बघायला मात्र हरकत नाही. म्हणून हे रोज बघायला जायचे.

रात्री पलंगावर पडून मोबाईलवर व्हिडिओ. सकाळी चहाबरोबर व्याख्यान.

“पॅड दोन जातींचे असतात,” हे म्हणाले. “कडक आणि मऊ. कडक पुष्कळ दिवस टिकतात, पण ज्या थाळीला घासतात ती डिस्कच खातात. मऊ धरतात चांगले, पण लवकर झिजतात.”

“मग मधले घ्या.”

“मधले,” हे गंभीरपणे म्हणाले, “दोन्ही बाजूंनी वाईट निघू शकतात.”

एक दिवस मीही बरोबर गेले, कारण धीरजने मला फोन केला होता. धीरजचं बसस्टँडजवळ पार्ट्सचं दुकान आहे. शाळेत माझ्या हाताखाली दोनदा गणितात नापास झालेला, पण अजूनही मॅडम म्हणून पाया पडतो. काउंटरवर तीन खोके उघडे होते. हे एक पॅड नाकाशी नेऊन वास घेत होते. मग नखाने खरवडलं. मग दोन पॅड दोन तळहातांवर तोलून डोळे मिटले.

“मॅडम, तुम्हीच समजवा,” धीरज म्हणाला. “मैंने काकासाब से पूछा भी, ब्रेक लेना है कि लड़का देखना है?”

“मुलगा पसंत पडला नाही तर मुलगी परत येते,” हे डोळे न उघडता म्हणाले. “ब्रेक पसंत पडला नाही तर मुलगी घाटात जाते.”

मुलगी म्हणजे मी. साठी उलटल्यावर कोणी मुलगी म्हटलं तर बरं वाटतं, पण मी ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

शेवटी ह्यांनी मऊ घेतले, अस्सल कंपनीचे, आणि कारणही असं दिलं की मला पहिल्यांदा पटलं. “गाडी जुनी, डिस्क जुनी, आपण जुने. आपल्याला धरणारे हवेत. टिकणारे घेऊन कोणाला दाखवायचंय?” घटस्थापनेला सकाळी दुकान उघडायच्या आधीच हे शटरसमोर उभे होते.

आता पुढे जे झालं ते समजायला आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. नवीन वस्तू देवापुढे गेल्याशिवाय आमच्याकडे वापरत नाहीत. आणि नुसती फुलं वाहून भागत नाही. देवासच्या टेकडीवरच्या देवीचा शेंदूर एका चांदीच्या डबीत असतो, तो तिळाच्या तेलात कालवायचा आणि वस्तूवर स्वस्तिक काढायचं. कुकर, इन्व्हर्टर, मिक्सर, सगळ्यांच्या पाठीवर ते आहे. माझ्या मोबाईलवर काढलं तेव्हा थोडं कॅमेऱ्यात गेलं आणि सबंध दिवाळीचे फोटो भगवे आले. तरी कोणी पुसलं नाही. टेकडीवरच्या देवीचा शेंदूर माणसाने पुसायचा नसतो, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलेलो.

मी घटाशेजारी माती पसरून धान्य पेरत होते. ह्यांनी पाटावर चारही पॅड मांडले आणि बोटाने स्वस्तिक काढायला घेतलं. पॅड काळे आणि खरखरीत. शेंदूर कुठे जातोय ते दिसेना. म्हणून ह्यांनी वाटीत आणखी तेल घातलं आणि दुसरा हात दिला. मग चार कोपऱ्यांत चार ठिपके. मी बघत होते. ब्रेकवर तेल चाललंय हे मला दिसत होतं आणि तरी माझ्या डोक्यात आरतीच्या वेळेशिवाय काही आलं नाही. उलट मी म्हटलं, “तो शेवटचा जरा फिका दिसतोय.” त्यालाही तिसरा हात मिळाला.

दुपारी पॅड हंबीररावाच्या गॅरेजला गेले. हंबीररावाचे पणजोबा संस्थानच्या पागेत घोड्यांना नाल ठोकायचे. आता हा अर्ध्या धारच्या जुन्या गाड्या सांभाळतो. माणूस हुशार, हात सफाईदार. चाक काढलं, जुने पॅड ओढून काढले, ते इतके झिजले होते की अजेयला मनातल्या मनात हात जोडले मी. मग त्याने नवीन खोका उघडला आणि आत शेंदूर बघून थांबला.

“काका, पूजा झाली वाटतं.”

“टेकडीवरच्या आईचा शेंदूर आहे,” हे म्हणाले.

हंबीररावाने हातातला फडका खाली ठेवला. ठेवला, मी बघितलं. हात धुऊन आला, पॅड कपाळाला लावले, आणि तसेच बसवून टाकले. “नवीन माल आहे, मावशी,” तो मला म्हणाला. “सुरुवातीला पकड थोडी कमी वाटेल. डिस्कवर बसायला शे-दोनशे किलोमीटर लागतात. तोपर्यंत जरा आरामात.”

तो हे बोलला आणि आम्हाला सगळ्यांना एक चांगलं कारण मिळालं. ब्रेक धरत नाही, तर काय, बसतोय. दुधवाल्याच्या सायकलसमोर हातभर उशिरा थांबले, तर बसतोय. सप्तमीला आम्ही देवासला निघालो तेव्हा मला पेडल बरंच आधीपासून दाबायची सवयच झाली होती.

मोठा रस्ता असल्यामुळे ब्रेकची वेळ फारशी आली नाही. पीथमपूरपाशी शिफ्ट सुटली होती, कारखान्यांच्या बस रांगेने चाललेल्या, तिथे पाच-सहा वेळा हळू व्हावं लागलं. आणि गाडीत वास यायला लागला. तापलेलं तीळतेल, शेंदूर, थोडा करपट.

“कसला वास येतोय?” मी विचारलं.

ह्यांनी खोल श्वास घेतला. “देवळाचा,” हे म्हणाले. “किती प्रसन्न वाटतंय बघ.”

खरं सांगते, मलाही वाटलं. टेकडीच्या देवीकडे चाललोय आणि गाडीभर गाभाऱ्याचा वास. आम्ही दोघं देवीचं स्तोत्र म्हणत इंदूर ओलांडलं.

देवासला अजेय दारातच उभा. माझी बॅग उतरवण्याआधी तो गाडीत शेजारी येऊन बसला. हे मागच्या सीटवर गेले, पण उतरायला तयार नव्हते, कारण माल ह्यांनी निवडलेला होता. सून रुची फाटकातून म्हणाली, “अहो, आधी चहा तर घेऊ द्या त्यांना.” अजेय म्हणाला, चहा नंतर.

“गल्ली सरळ आहे,” तो मला म्हणाला. “चांगला वेग घे. मी ‘थांब’ म्हणेन तेव्हा पूर्ण थांबायचं.”

गल्लीच्या टोकाला गरब्याचा मंडप होता, आणि मंडपाबाहेर लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांचे, एकात एक घालून ठेवलेले उंच ढीग. मी दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकली.

“थांब.”

मी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. हळू झाली म्हणण्याइतकी हळूही झाली नाही. मी एक विनंती केली होती आणि ती त्यावर विचार करत होती, असं काहीसं चाललं होतं. मी दात आवळून पाय जमिनीला लावला. खुर्च्या मोठ्या व्हायला लागल्या. अजेय ओरडला नाही, तो नुसता सीटमध्ये मागे मागे सरकत गेला.

मग मी तिसऱ्यातून दुसऱ्यात आणली, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक ओढला, आणि गाडी थरथरत पहिल्या ढिगाला टेकून उभी राहिली. नुसती टेकून. ढीग जरा वेळ तसाच राहिला आणि मग सावकाश वाकत दुसऱ्या ढिगावर पडला, दुसरा तिसऱ्यावर, आणि गल्लीत सगळीकडे खुर्च्याच खुर्च्या झाल्या.

मंडपवाला धावत आला. “कोई बात नहीं, माताजी, कोई बात नहीं,” म्हणत त्याने मलाच पाणी दिलं.

अजेयचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने हात पुढे केला. “किल्ली दे, आई.”

मी दिली. किल्ली त्याच्या हातात पडली आणि मला वाटलं, आता अक्काला हे कसं सांगायचं. फोन करून सांगितलं तर ती “हो हो, बरी आहे” म्हणेल आणि पंधरा दिवसांनी दार उघडून बसेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पदराने पुसलंही नाही. दिसू दे म्हटलं सगळ्यांना.

अजेयने गाडी ढकलत घरापर्यंत आणली. जॅक लावला, पुढचं चाक काढलं, आणि पॅड धरून ठेवणारा कॅलिपर उघडून आत बघितलं.

“नाना,” तो म्हणाला. तो वडिलांना नाना म्हणतो. “हे काय आहे?”

हे पुढे वाकले. पॅडवर तेलाचा काळपट लाल थर चकाकत होता आणि कडेला, डिस्कला न लागलेल्या भागात, स्वस्तिकाचं एक टोक आणि एक ठिपका अजून शाबूत होता.

“स्वस्तिक,” हे म्हणाले.

“ब्रेकवर तेल लावलंत?”

“तेल नाही लावलं. शेंदूर लावला.”

“कशात कालवून?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं, कारण तिसरा हात माझ्या सांगण्यावरून दिला गेला होता.

अजेयने कपाळाला हात लावला. मग रागारागाने फडका उचलला, पॅडजवळ नेला, आणि तिथे त्याचा हात थांबला. इंजिनिअर आहे तो, रोज पन्नास मशिनी उघडतो. पण त्याच्याही मोबाईलच्या पाठीवर तेच स्वस्तिक आहे, मीच काढलंय. तो फडका हवेत धरून तसाच बसून राहिला. मग म्हणाला, “नाना, तुम्ही पुसा.”

“मी?” हे दोन पावलं मागे गेले.

“आई?”

“माझे हात खरकटे आहेत,” मी म्हटलं. खरकटे कसले, चहासुद्धा मिळाला नव्हता.

शेवटी रुचीने सोडवलं. रुची इथलीच, माळव्यातली. आमच्याशी मराठी बोलते, अडलं की हिंदीत जाते. ती चहाचा ट्रे घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, “पुसून काय फायदा? तेल आत शोषलं गेलंय. नवीन लावा. आणि ये माताजी का है, फेंकना नहीं है, नदी में सिराना पड़ेगा.”

“नर्मदेत लोखंडाचं विसर्जन करायचं नाही,” हे लगेच म्हणाले. नाझर जागा झाला होता. “काठावर बसून पाण्याने धुवायचं. माणसाने पुसलेलं चालत नाही, पण नर्मदेने धुतलं तर ते धुतलं.”

“आणि डिस्कवर लागलंय त्याचं काय?” अजेयने विचारलं.

ह्यांनी विचार केला. “ते पॅडवरून उडालेलं आहे. त्यावर मंत्र म्हटलेला नाही. ते पूस.”

अजेय कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि चहा निवायच्या आत परत आला. कुठले पॅड, कडक की मऊ, काही नाही. “झेन के दे दो भिया” म्हटलं आणि मिळाले ते आणले. ह्यांनी खोका हातात घेऊन नाकाकडे नेला आणि माझ्याकडे बघून परत खाली ठेवला. अजेयने डिस्क धुतली, पॅड बसवले, पेडल बऱ्याच वेळा दाबून बघितलं. मग स्वतः गल्लीत गाडी नेली आणि खुर्च्यांच्या खूप अलीकडे जागच्या जागी उभी केली. मंडपवाल्याने टाळ्या वाजवल्या.

किल्ली मात्र त्याने खिशात ठेवली.

आणि तेव्हा आमचे हे बोलले. आयुष्यात ह्या माणसाने कधी ‘चुकलं’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आमटीत मीठ जास्त पडलं तर मिठाला दोष देणारा माणूस. “अजेय,” हे म्हणाले, “चूक माझी आहे. तिच्या हाताची नाही. ब्रेक नसलेली गाडी तिने थांबवली, तू बघितलंस. किल्ली तिची तिला दे.”

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. इतका राग आला होता दिवसभर, तो कुठे गेला कळलं नाही.

“चूक कोणाची हा प्रश्नच नाही, नाना,” अजेय म्हणाला. “मला भीती वाटते. ती घाटात असते आणि मी कामावर सारखा फोन बघत असतो. पोचल्याचा फोन येईपर्यंत मला जेवण जात नाही.”

हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मी दर वेळी पोचल्यावर आधी अक्काशी गप्पा मारायचे, जेवायचे, आणि मग कधीतरी फोन करायचे. ह्यापुढे पोचल्याबरोबर आधी फोन, असं मी मनाशी ठरवलं. पण म्हणून गाडी सोडते म्हणायला जीभ काही रेटेना.

“मग काय करायचं?” मी विचारलं.

“नवमीला धरमपुरीला जाऊ. पॅड धुवायचेच आहेत. मी येतो बरोबर. घाट मी उतरवणार. मावशीला भेटून घे नीट. परत आल्यावर किल्ली माझ्याकडे.”

अष्टमीचा कुळधर्म झाला. टेकडी चढताना मी देवीकडे काही मागितलं नाही. तिच्याच शेंदरामुळे हे झालं होतं, तिला माहीत असणार. नवमीला सकाळी अजेय रात्रपाळी करून आला तो डोळे तांबारलेले. रजा मिळाली नव्हती म्हणून पाळी बदलून घेतली होती त्याने. आंघोळ करून तो तडक मागच्या सीटवर जाऊन बसला आणि किल्ली माझ्या हातात दिली.

“मानपूरपर्यंत तू चालव. तिथे मला उठव. घाट मी घेतो.”

“बरं,” मी म्हटलं.

हे पुढे माझ्या शेजारी, मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात शेंदूर लावलेले पॅड. इंदूर मागे पडलं, महू मागे पडलं. ब्रेक इतका छान धरत होता की मी उगाचच दोनदा दाबून बघितला. मानपूर आलं. मी गाडी कडेला घेतली आणि अजेयला हाक मारली. हाक मारली नाही असं कोणी म्हणू नये. मारली. फक्त हळू मारली. तो तोंड उघडं टाकून झोपला होता, लहानपणी स्कूटरवर पुढे उभा राहून झोपायचा तसा.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी डबा घट्ट धरला आणि मान पुढे करून रस्ता बघायला लागले.

मी दुसऱ्यात टाकली. पुढे एक ट्रक हळूहळू उतरत होता, त्याच्यामागे अंतर ठेवून मी राहिले. ओव्हरटेक नाही, घाई नाही. खाली निमाड पसरलेलं होतं, उन्हात पिवळं. प्रत्येक वळणाआधी ब्रेक, वळणात नाही. माझी मीच हे शिकले होते, कोणी शिकवलं नव्हतं. अजेयची मान प्रत्येक वळणाला ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर जात होती, पण तो उठला नाही. घाट संपला तेव्हा ह्यांनी नुसता माझ्या गिअरवरच्या हातावर क्षणभर हात ठेवला आणि काढून घेतला. भर रस्त्यात, दिवसाढवळ्या. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली.

धरमपुरीला अक्काच्या दारापाशी गाडी उभी केली. अक्का ओट्यावर बसलेलीच होती. काठी टेकत आली, मला बघितलं, ह्यांना बघितलं, मागच्या काचेतून आत बघितलं, आणि काठीच्या मुठीने काचेवर टकटक केलं.

अजेय दचकून उठला. “आई, घाट आला?” मग समोर अक्काला बघून गोंधळून म्हणाला, “मावशी, तू इथे कुठे?”

अक्का त्याच्या ओठांकडे निरखून बघत होती. “मी इथेच असते,” ती म्हणाली. “तूच आलास आज.”

तो गाडीतून उतरला, आजूबाजूला बघितलं, मागे वळून आम्ही आलो त्या रस्त्याकडे बघितलं. त्याला समजलं. मला वाटलं आता माझी धडगत नाही. पण अक्काने त्याचा हात धरून त्याला आत नेलं, पाटावर बसवलं, आणि इतक्या वर्षांचं बोलायला सुरुवात केली. तो कधी आला नाही, ह्यापासून ते तो लहानपणी नदीत बुडता बुडता कसा वाचला ह्यापर्यंत. मध्ये मध्ये ती माझ्याकडे बघून खात्री करून घ्यायची, आणि मी मान हलवायचे. तिचं तोंड एक मिनिट थांबलं नाही. अजेय ऐकत होता. जेवताना त्याने पोळी दोनदा मागून घेतली आणि तिच्याकडे तोंड करून, सावकाश, एकेक शब्द वेगळा काढून बोलायला लागला, तिला दिसावं म्हणून.

दुपारी निघताना अक्का गाडीपर्यंत आली. माझ्या खिडकीशी वाकून तिने विचारलं, “आता परत कधी?”

मी स्टिअरिंगकडे बघत बसले. हे डब्याच्या झाकणाशी चाळा करत होते; नदीवर जायचं अजून राहिलं होतं.

अजेय मागच्या सीटवरून पुढे झुकला, अक्काला तोंड दिसेल इतका पुढे, आणि ओठ मोठे करून म्हणाला, “पंधरा दिवसांनी, मावशी. आई येईल.”